ब्याऐंशीच्या आत

रिसोड, ६ मे २०२५

राजू,

तुझी खुशाली विचारत नाही. तुझे रिपोर्ट मी वाचले आहेत आणि तुझ्या तब्येतीबद्दल आता तुझ्यापेक्षा मलाच जास्त कळतं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. साधनाला मी बजावून ठेवलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी वाशीमला तुझं डायलिसिस चालतं, चार तास हाताला सुया असतात, उठून जाता येत नाही. मशीन सुरू झाल्यावरच पाकीट फोडायचं आणि मोठ्यानं वाचायचं, असं तिला सांगितलंय. अकरा वर्षांत तू माझं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाहीस. आता ऐक. साधना, काही गाळू नकोस.

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या सगळ्या तपासण्या केल्या. बायको म्हणून साधना पुढं झाली, पण तिचा रक्तगट जुळत नाही. मायचं वय चौऱ्याहत्तर, वर तिला शुगर. तुझी पोरं शाळेत. उरले मी. माझा रक्तगट जुळतो, बाकीही सगळं जुळतं. शुगर नाही, बीपी नाही. अडलं फक्त एका गोष्टीवर, आणि ती ऐकून तू मशीनवरसुद्धा हसशील. माझं वजन शहाण्णव किलो आहे.

डॉक्टर म्हणाले, शहाण्णव किलोच्या बाईची किडनी मी काढत नाही. हिला पुढं उरलेल्या एकीवर जगायचं आहे, तिचा विचार कोणी करायचा? ब्याऐंशीच्या आत या, दिवाळीच्या सुमाराला, मग बघू. किडनी चांगली आहे म्हणाले. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

तर चौदा किलो. आठवड्याला एक इंजेक्शन पोटाला घ्यायचं, त्यानं भूक मरते. पण वाशीमचे डॉक्टर नुसतं इंजेक्शन देत नाहीत. दर गुरुवारी त्यांच्याकडच्या सुकेशनी नावाच्या सिस्टरसमोर सहा बायकांच्या गटात बसायचं, काय खाल्लं, कधी खाल्लं, काहून खाल्लं ते वहीत लिहून न्यायचं. वही नाही तर इंजेक्शन नाही, अशी अट आहे. मी मुद्दाम गुरुवार घेतला, म्हणजे तू आणि मी एका दिवशी एका गावात नसू.

हे मी तुझ्यासाठी करते आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. माय रोज फोनवर रडते, तिच्यासाठी करते आहे. तुझ्या भाऊजींनी संमतीच्या कागदावर सही केली, तीही मायकडे बघूनच.

वैजयंती


रिसोड, २९ मे २०२५

राजू,

तुझा निरोप पोचला. साधनानं तो गोड करून सांगायचा प्रयत्न केला, पण मी तिला शपथ घातली तेव्हा जसाच्या तसा सांगितला. "तिले सांग, मले तिचं काहीच नको. मी मरून गेलो तरी चालीन, पण तिचा तुकडा पोटात घिऊन नाही जगत."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तुझ्या मर्जीचा प्रश्नच नाही राजू. तुला घ्यावी लागेल. आणि खरं सांगू? तुझा निरोप ऐकल्यापासून मला या कामाची गोडी लागली आहे. आजवर मायसाठी करत होते. आता, ज्या अंगाला तू हसलास त्याच अंगातला एक भाग तू मरेपर्यंत पोटात वागवशील, पाणी पिताना तुला माझी आठवण येईल, याच्यासाठीही करते आहे. ही माझी सूडाची रीत समज.

वजन साडेत्र्याण्णव.

इंजेक्शन विचित्र आहे. पोळीचे दोन घास खाल्ले की पोट म्हणतं बस. पहिल्या आठवड्यात मी आनंदात होते. सुकेशनीला म्हटलं, आता तुझं काय काम? बत्तीस-तेहतीस वर्षांची पोरगी आहे, बारीक, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. म्हणाली, "ताई, इंजेक्शन भूक कमी करते. सवय नाही करत. ते आपल्याले दोघींले करा लागते." मला तिचा राग आला. मी बायकांचे ब्लाऊज शिवते, वीस वर्षं लोकांची मापं घेते आहे. माझं माप घेणारी ही कोण?

पण तिनं मला पकडलं. वहीत मी सकाळचं जेवण लिहिलं, रात्रीचं लिहिलं. तिनं विचारलं, घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर ताटं कोण उचलते? मी म्हटलं मी. ताटात उरलेलं कुठं जाते? मी वही मिटली. गटातल्या बाकी पाच बायकांनीही आपापल्या वह्या मिटल्या.

उरलेलं माझ्या तोंडात जातं. भूक नसली तरी जातं. भाताची मूठ, वरणाची वाटी, पोळीचा काठ, ओट्याशी उभ्यानं. आणि हे मी कुठं शिकले ते तुला माहीत आहे. तू अर्धी भाकर टाकून उठायचास. दुधात चुरलेली, वर साखर. माय म्हणायची, "लक्ष्मी फेकू नये वो माय, तू खाऊन टाक." माझं जेवण झालेलं असायचं. मी खायची. तू पाच वर्षांचा असल्यापासून ते माझं लग्न होईपर्यंत, दोन वेळा रोज, तुझं उष्टं. मला जाडी म्हणून चिडवायचास ना? त्यातली निम्मी जाडी तुझ्या ताटातली आहे.

हे मी वहीत लिहिलं नाही. तुला लिहिते आहे.

सुकेशनीनं मला काम दिलं की आठवडाभर उरलेलं अन्न तोंडाऐवजी शेजारच्या म्हशीच्या टोपल्यात टाकायचं. पहिल्या दिवशी आजूबाजूला बघून टाकलं. चोरी करत असल्यासारखं वाटलं. आता जमतं.

वैजयंती


रिसोड, १७ जुलै २०२५

राजू,

एकोणनव्वद. आज गटात सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्यांचं वावडं आहे, का ते तुला ठाऊक आहे.

सुकेशनीच्या वहीत एक रकाना असतो: खाण्याआधी काय झालं, मनात कोण होतं. बाकी बायका लिहितात, सासू बोलली, पोराचा निकाल लागला. मी दोन महिने तिथं फुली मारत होते. दोन आठवड्यांपूर्वी तिनं माझी वही शेवटून सुरुवातीकडे चाळली आणि म्हणाली, इंजेक्शन घेऊनही तुम्ही पाच वेळा उलटी होईस्तोवर खाल्लं आहे, आणि पाचही वेळा मंगळवार नाही तर शुक्रवार होता. काय असते त्या दिवशी?

त्या दिवशी साधनाचा फोन असतो. तुझं काय चाललंय ते ती सांगते. फोन ठेवला की मी डबा उघडते. त्या आठवड्यात शंकरपाळ्यांचा अख्खा डबा. पोटात जागा नव्हती, घशाशी आलं होतं, तरी हात थांबेना. मग मोरीत जाऊन ओकले. भूक मेली आहे राजू, पण तुझ्यावरचा राग जेवायला मागतो.

सुकेशनी म्हणाली, नाव लिहा. मी नाही लिहिलं. तिच्या वहीत तुझं नाव कायले? तिला इतकंच सांगितलं की एक नातेवाईक आहे, त्याच्याशी बोलणं नाही. तिनं विचारलं काहून नाही. तेव्हा मला पाच बायकांसमोर ती गुळतुला सांगावी लागली.

तुझ्या लक्षात असेल तशी नको, माझ्या लक्षात आहे तशी ऐक. मी नऊ वर्षांची असताना मुदतीच्या तापातून उठले. मायनं नवस बोलला होता की पोरगी उठली तर गुळाच्या भारानं तोलीन. बाबा दरवर्षी म्हणायचे पुढच्या वर्षी. ते गेले, मायचा पाय मोडला, तेव्हा तिला आठवण आली की देवीचं राहिलंय. मी तेव्हा छत्तीस वर्षांची. मी तुला आठ दिवस आधी हळूच सांगितलं होतं, नव्वद किलो गूळ आण. मला तो आकडा बोलताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तू म्हणालास, हो हो.

तू साठ किलो आणलास. दहाच्या सहा ढेपा. देवळासमोर तीन बल्ल्या बांधून तुझ्या सोयाबीन मोजायच्या धंद्यातला मोठा काटा टांगलेला, अख्खं गाव जमलेलं, मी नवी साडी नेसून पारड्यात बसलेली. सहा ढेपा ठेवल्या, पारडं हललं नाही. कोणीतरी फिदकन हसलं. तू तिथं थांबू शकला असतास. मला उतरवून घेऊ शकला असतास. तू तुझ्या हमालाला ओरडलास, "अरे, सोयाबीनचा कट्टा आण रे एक. अन् विचार तिले, बारदान किती कापाचं."

पोत्याचं वजन कापतात तसं. गाव टाळ्या पिटून हसलं. तुझे मित्र हसले. माय पदर तोंडात घालून उभी होती. मी पारड्यातून उतरले, तशीच स्टँडवर आले आणि रिसोडची गाडी पकडली. त्यानंतर मी माहेरी आले नाही. तूही आणायला आला नाहीस. एक फोन नाही, एक शब्द नाही.

माझं हे सांगून झालं तेव्हा त्या बायका खाली बघत होत्या. सुकेशनीनं सांत्वन केलं नाही. ती म्हणाली, पुढच्या मंगळवारी फोन ठेवला की डबा उघडायच्या आधी शिवणयंत्रावर बसा आणि एक शिलाई सरळ मारा. राग आहे तर असू द्या, फक्त त्याले जेवू घालू नका.

गेल्या दोन मंगळवारांत मी तीन ब्लाऊज पूर्ण केले. तुझ्यावरच्या रागानं गिऱ्हाईक खूश आहे.

वैजयंती


रिसोड, १२ सप्टेंबर २०२५

राजू,

पंच्याऐंशीवर अडकले आहे. पाच आठवडे झाले, काटा जागचा हलत नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला. सुकेशनी म्हणते असं होतं, शरीर थोडं थांबून घेते, घाई करू नका. तिचं काय जातं?

साधनाचा फोन आला होता. तुझ्या फुप्फुसात पाणी झालं, दोन दिवस आयसीयूत होतास, हे कळलं. पाणी कमी पी म्हणून सांगितलेलं असताना तू टपरीवर चार-चार चहा पितोस हेही कळलं. मरायचंच असेल तर तसं सांग, मी उगाच पोटाला सुया टोचून घेणार नाही.

नागपूरचे डॉक्टर साधनाला म्हणाले की आता जास्त थांबून चालणार नाही. तिनं मला विचारलं, "ताई, होईन ना वो?" मी म्हटलं होईल. तीन किलोचा तर प्रश्न आहे.

गटात सुकेशनीनं सणांबद्दल सांगितलं. इंजेक्शन चालू असताना कडक उपास धरायचा नाही. ज्यांना धरायचाच असेल त्यांनी आधी सांगायचं, ती डॉक्टरांना विचारून डोस पुढं ढकलेल, पाणी किती प्यायचं ते ठरवून देईल. या औषधानं तहानही कळत नाही म्हणाली, म्हणून लक्ष ठेवायचं. मग प्रत्येकीला विचारलं. मी म्हटलं मी नाही धरत. देवाधर्माचं मला काही पडलेलं नाही, तुला माहीतच आहे. त्या गुळतुलेनंतर मी कुठल्या देवळाची पायरी चढले नाही.

नवरात्रात शिवणकामाची गर्दी असते. पत्र येणार नाही. साधना, याला चहा देणाऱ्या टपरीवाल्याला माझा नंबर दे, मी बोलते त्याच्याशी.

वैजयंती


वाशीम, ९ ऑक्टोबर २०२५

राजू,

साडेऐंशी. जिंकले.

पण हे पत्र मी दवाखान्यातल्या खाटेवर बसून लिहिते आहे, हे साधनानं तुला सांगितलं असेलच. मीच सांगितलं असतं. तुला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको होतं.

मी नवरात्र धरलं होतं. लवंगेवर. सकाळी देवाजवळची एक लवंग, संध्याकाळी एक, आणि लागेल तसं पाणी. आपल्या गावात बायका धरतात तसं. अडकलेला काटा हलवायचा तर हाच जवळचा रस्ता, असं मी ठरवलं. इंजेक्शनमुळे भूक तर लागतच नव्हती, उलट वाटलं, इतका सोपा उपास आजवर कोणी केला नसेल. घरी सांगितलं साबुदाणा खाते आहे. चौथ्या दिवशी गुरुवार आला. गटात गेले, वाढवलेल्या डोसचं इंजेक्शन घेतलं. वहीत वरण-भात लिहिला, ज्वारीची भाकर लिहिली. सगळं खोटं. सुकेशनीनं वाचून शाबास म्हटलं.

सहाव्या दिवसापासून पाणीही पोटात राहीना. प्यायचं आणि ओकायचं. लघवी कमी झाली, गडद झाली. मला वाटलं उन्हाचं असेल. आठव्या दिवशी एका नवरीच्या आईचं माप घेताना टेप माझ्या हातातून सुटला आणि मी तिच्या पायाशी पडले.

इथं आणलं तेव्हा क्रिएटिनीन तीन पॉइंट आठ होतं. तुला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. अकरा दिवस झाले, सलाइन चालू आहे, आता दोनवर आलं आहे. येत आहे खाली. डॉक्टर म्हणतात बहुतेक वेळा पूर्ववत होते.

सुकेशनी दुसऱ्याच दिवशी आली. मला वाटलं रागावेल. तिनं माझी वही आणली होती, ती मांडीवर उघडली. मग म्हणाली, "ताई, पाच महिने तुमी पोळीचा काठबी लिहिला. हे आठ दिवस काहून नाही लिहिले?"

मी म्हटलं, काटा अडला होता म्हणून. लवकर उतरायला हवं होतं म्हणून. तिला ते पटलं नाही. मग तिनं वही माझ्या उशाशी ठेवली आणि ती गेली.

तुझा यात काही संबंध नाही. माझं वजन, माझी घाई. तपासणी पुढं गेली आहे इतकंच. तू तुझं पाणी मोजून पी.

वैजयंती


रिसोड, २८ नोव्हेंबर २०२५

राजू,

साधना, हे पत्र आधी एकटीनं वाच. मग याला वाचून दाखव. काही गाळू नकोस.

सोमवारी नागपूरला होते. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं दुसऱ्यांदा झालं. क्रिएटिनीन एकच्या आत हवं, ते एक पॉइंट पाचवर येऊन थांबलं आहे, त्याखाली उतरत नाही. लघवीतून प्रोटीन जातं आहे. तिथले चार डॉक्टर एकत्र बसले, मला आणि तुझ्या भाऊजींना आत बोलावलं. मला पुढं स्वतःच्याच दोन किडन्या सांभाळून राहायचं आहे, दर तीन महिन्यांनी तपासायचं आहे, असं सांगितलं. माझी किडनी तुला चालणार नाही. आता नाही आणि पुढंही नाही.

वजन एक्क्याऐंशी भरलं. त्यांच्या काट्यावर, रीतसर जेवून.

बाहेर आल्यावर तुझे भाऊजी म्हणाले, जाऊ दे, तुझ्या हातात होतं ते तू केलंस. तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं आणि आता तुला सांगते आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सुकेशनीलाही खोटं सांगितलं. मी नवरात्र वजनासाठी धरलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये तू आयसीयूत होतास तेव्हा साधनानं बाहेरून फोन लावला. ती बोलत नव्हती, नुसती रडत होती, आणि मागून मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं तू गेलास. फोन हातात तसाच होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आपल्या गावच्या देवीचं नाव घेऊन, की याला वाचव, मी लवंगेवर नवरात्र काढीन. अकरा वर्षं जिच्या पायरीवर गेले नाही तिलाच बोलले. दोन दिवसांनी तू बाहेर आलास. मग बोललेलं फेडणं भाग होतं. आपल्या घरात एक नवस सत्तावीस वर्षं अंगावर राहिला, त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं. मला हा तसा ठेवायचा नव्हता.

सुकेशनीला सांगितलं असतं तर तिनं अडवलं नसतं. तिनं आधीच सांगितलं होतं, डोस पुढं ढकलू, पाणी ठरवून देऊ. एवढंच करायचं होतं. दोन आठवडे इंजेक्शन घ्यायचं नाही, पाण्याचा तांब्या मोजायचा, त्रास झाला की फोन करायचा. नवस फिटला असता आणि किडनीही वाचली असती.

मग का नाही सांगितलं? कारण तिनं वही पुढं केली असती. तो रकाना: काहून, मनात कोण होतं. तिथं मला तुझं नाव लिहावं लागलं असतं. रागाखाली नाही, दुसऱ्याच कशाखाली. राजूचा जीव वाचावा म्हणून, असं माझ्या अक्षरात. पाच बायकांसमोर ज्याच्या नावानं मी बोटं मोडली त्याच्यासाठी मी उपाशी आहे, हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग ते तुझ्यापर्यंत आलं असतं. मला ते सहन झालं नसतं. म्हणून मी वरण-भात लिहिला.

तू मला लोकांसमोर हलकं केलंस, त्याला मी अकरा वर्षं माफ केलं नाही. अजूनही केलेलं नाही, हे नीट ऐक. पण तुला मिळायची किडनी तुझ्या त्या बोलण्यानं गेली नाही. माझ्या या लपवण्यानं गेली. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून मला यातून सुटता येत नाही. मला सांगितलेलं होतं, समजलेलं होतं, आणि तरी मी केलं.

गुरुवारी गटात गेले. वाटलं होतं, आता कशाला जायचं? सुकेशनीला फोनवर तसं म्हटलं तर ती म्हणाली, इंजेक्शन बंद आहे, पण मी बंद आहे का? गेले. वही उघडली आणि सप्टेंबरची ती आठ पानं लाल पेननं दुरुस्त केली, एक लवंग, एक लवंग, आणि रकान्यात तुझं नाव आठ वेळा लिहिलं. मग ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मानोऱ्याची धनीबाई म्हणून एक आहे, साठीची. ती म्हणाली, "मीबी दर सोमवारी निर्जळी करतो माय, कोणाले सांगतलं नाही." सुकेशनीनं लगेच तिचा रक्तदाब घेतला आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. माझ्या सांगण्याचा एवढा उपयोग झाला. तुला नाही झाला.

माय अजून रोज फोन करते. तिला मी सांगितलं नाही, लवंगेचं. तू सांगायचं तर सांग. ती मला काही म्हणणार नाही, आणि तेच मला नको आहे. तू म्हण. तुला जे म्हणायचं ते म्हण, यावेळी मी गाडी पकडून निघून जाणार नाही.

साधना म्हणाली, तुझं नाव नागपूरच्या यादीत लागलं आहे, अनोळखी माणसाच्या किडनीसाठी. तुझ्या रक्तगटात तुझ्यापुढं एकशे तेरा जण आहेत. वर्षं जातील म्हणे. कितीतरी जण तेवढे थांबत नाहीत, असंही तिला तिथल्या कोणीतरी सांगितलं.

तर आता मी सांगते ते ऐक. मी तुझी मोठी बहीण आहे आणि त्या गुळाखेरीज आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. पाणी मोजून पी. मंगळवार चुकवू नकोस, शुक्रवार चुकवू नकोस. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझं नाव काढू नकोस. पण थांब. ती एकशे तेरा माणसं होईपर्यंत थांब.

वैजयंती